8.08 आणि 8.08: टाय झाल्यावर लांब उडीचं सुवर्ण दुसऱ्या क्रमांकाच्या चांगल्या उडीवर ठरवणं बरोबर आहे का?

वाळूरेषा:
बरेच दिवस डोक्यात आहे ते आज लिहितोच. 2022 ची बर्मिंगहॅम कॉमनवेल्थ, पुरुषांच्या लांब उडीची फायनल. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, घरचे झोपलेले आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून बसलेलो. बहामाजच्या लाक्वान नेर्नने दुसऱ्याच प्रयत्नात 8.08 मीटर मारून ठेवलेली. आपला मुरली श्रीशंकर 7.60, 7.84, परत 7.84, चौथी उडी अगदी थोडक्यात फाउल, आणि पाचवी... 8.08! मी ओरडलो आणि आई उठून बाहेर आली. तिला सांगतोय की बरोबरी झाली बरोबरी झाली, आणि स्क्रीनवर बघतो तर श्रीशंकर दुसरा. कारण काय, तर टाय झाला की प्रत्येकाची दुसऱ्या क्रमांकाची चांगली उडी बघतात, आणि नेर्नची ती 7.98, याची 7.84. सहावी फाउल गेली आणि रौप्य. लांब उडीत पुरुषांमध्ये भारताचं कॉमनवेल्थमधलं ते पहिलं रौप्य, त्याचा आनंद आहेच, पण तो नियम मला आजही पटत नाही.

लांब उडी हा एका उडीचा खेळ आहे. 1991 ची टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिप आठवा. कार्ल लुईसच्या त्या दिवशी चार उड्या 8.83 किंवा त्याहून लांब, त्यातली सर्वात मोठी 8.91. माइक पॉवेलची दुसरी चांगली उडी फक्त 8.54, पण त्याने एक 8.95 मारली, बॉब बीमनचा 1968 पासूनचा 8.90 चा विक्रम मोडला आणि सोनं घेऊन गेला. लुईसची सलग 65 विजयांची माळ तिथे तुटली. सातत्य बघायचं असतं तर सोनं लुईसचं होतं, पण कोणी तसं म्हणालं नाही कारण खेळच तसा आहे. मग टाय झाला की अचानक सातत्य कुठून आठवतं? एकतर दोघांना सुवर्ण द्या नाहीतर सातवी उडी मारायला लावा.

निवृत्त_पीटी_सर:
तुमची तळमळ समजते पण मुद्दा पटत नाही. मी तीस वर्षं शाळेत आणि जिल्हा स्पर्धांना पिटवर, म्हणजे उडी पडते त्या वाळूच्या खड्ड्याशी, उभा राहिलो आहे, एका हातात पांढरी झेंडी, एका हातात लाल. प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी हेच सांगायचो की सहा उड्या मिळतात, सहाच्या सहा तुझ्या आहेत, एकही फुकट घालवू नको. पॉवेल जिंकला तो चार सेंटिमीटर पुढे गेला म्हणून, तिथे टाय नव्हताच. टाय झाल्यावर दुसरी चांगली उडी बघायची हा नियम आदल्या रात्री केलेला नाही. श्रीशंकरचे वडील एस. मुरली स्वतः तिहेरी उडीतले आणि तेच त्याचे कोच, त्या घरात नियम माहीत नसेल असं होणारच नाही.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. निकालपत्रक नीट बघा. सहाव्या उडीला त्याला 8.09 लागतच नव्हते, 7.99 पुरले असते! 8.08 आधीच खात्यात, दुसरी उडी 7.99 झाली की नेर्नच्या 7.98 च्या पुढे आणि सुवर्ण आपलं. म्हणजे या नियमाने त्याला दार बंद केलं नाही, उलट जास्तीचं एक दार उघडून दिलं होतं.

वाळूरेषा:
सर, 7.99 चा मुद्दा खरंच माझ्या लक्षात आला नव्हता. थोडा वेळ गप्पच बसलो वाचून.

आकडेमोड:
मला दोघांनाही एक विचारायचंय. 8.08 आणि 8.08 खरंच सारख्या होत्या का? लांब उडीत मोजमाप सेंटिमीटरपर्यंत, आणि मधले मिलिमीटर असतील तर खालच्या पूर्ण सेंटिमीटरला धरतात. म्हणजे एक उडी 8 मीटर 80 मिलिमीटर आणि दुसरी 8 मीटर 89 मिलिमीटर असली तरी बोर्डावर दोन्ही 8.08. टाय हा मुळात मोजण्याच्या पद्धतीने झालेला टाय. आता तर कॅमेऱ्याने मोजतात, मग मिलिमीटर बघा आणि प्रश्न मिटवा, दुसरी उडी कशाला हवी?

वाऱ्याने टाय तोडा असंही काही जण म्हणतात. ते केलं तरी आपल्याला फायदा नाही हे आधीच सांगून ठेवतो, नेर्नच्या उडीला वारा उणे 0.1 (म्हणजे समोरून) होता आणि श्रीशंकरच्या उडीला अधिक 1.5 (म्हणजे पाठीमागून, मदतीचा).

निवृत्त_पीटी_सर:
मिलिमीटर कशाचे मोजणार? वाळूचे? कधी पिटमध्ये वाकून खूण बघितली आहे का जवळून? टाचेची खूण म्हणजे काही काचेवरची रेघ नाही. ओल्या वाळूत कड जरा उभी राहते, कोरड्या वाळूत बघता बघता दोन-चार कण आत घसरतात. तुम्ही टेपचं टोक लावेपर्यंत ती कड बदललेली असते. कॅमेरा कितीही भारी आणा, ज्याला मोजायचंय तीच गोष्ट मिलिमीटरला पक्की नसते. म्हणून सेंटिमीटरवर थांबतात, आणि ते बरोबर आहे. एक कण घसरला म्हणून एखाद्याचं सोनं जाणं मला दुसऱ्या उडीपेक्षा कितीतरी जास्त अन्यायाचं वाटेल.

मैदानताई:
मी वाळूरेषा यांच्या बाजूने. टोकियो ऑलिंपिक, 1 ऑगस्ट 2021, उंच उडीत कतारचा बार्शिम आणि इटलीचा तांबेरी दोघांनी 2.37 वर सुवर्ण वाटून घेतलं, अख्खं जग रडलं. दुसऱ्याच दिवशी त्याच स्टेडियममध्ये लांब उडीत ग्रीसचा तेंतोग्लू आणि क्युबाचा एचेव्हारिया दोघे 8.41, पण तिथे दुसरी चांगली उडी 8.15 विरुद्ध 8.09 बघून एकाला सोनं आणि एकाला रौप्य. एका दिवसाच्या अंतराने दोन न्याय?

आणि हे मी नुसतं टीव्ही बघून बोलत नाहीये. कॉलेजला असताना एका विभागीय स्पर्धेत पहिल्याच उडीत माझे 5.21 गेले. दुसऱ्या उडीला फळीवर पाय पडताना घोटा मुरगळला, लाल झेंडी, म्हणजे फाउल. बाकीच्या चार सोडून दिल्या, बर्फाची पिशवी बांधून बाकावर बसून राहिले. शेवटच्या फेरीत एका मुलीने बरोबर 5.21 मारली. तिची दुसरी चांगली उडी 4.98, माझी दुसरी मोजलेली उडीच नाही. मी दुसरी आले. तिचा काही दोष नव्हता, ती छान मुलगी होती, तिनेच मला हात धरून स्टेजवर नेलं. पण सांगा, उडी कोणाची कमी होती?

आकडेमोड:
ताई, उंच उडीच्या उदाहरणात एक गल्लत होतेय. तिथेही आधी चुका, म्हणजे बार पाडलेले प्रयत्न, मोजतातच. बार्शिम आणि तांबेरी दोघांची 2.37 पर्यंत एकही चूक नव्हती आणि 2.39 ला दोघेही तीन-तीनदा चुकले, म्हणजे कागदावर तंतोतंत सारखे. त्याच्यानंतर त्यांना जंप-ऑफ (निकाल लावायला आणखी उड्या) विचारला आणि त्यांनी नको म्हटलं. लांब उडीतही दुसरी, तिसरी असं करत सगळ्या उड्या सारख्या निघाल्या तर टाय तसाच राहतो. न्याय एकच होता, आकडे वेगळे होते.

मैदानताई:
हे मला माहीत नव्हतं, मान्य. तरी 5.21 ला 5.21 च म्हणणार मी.

बीडकर_रनर:
मी मूळचा बीडचा त्यामुळे त्या कॉमनवेल्थची माझी आठवण वेगळी आहे. त्याच मैदानात दोन दिवसांनी आमच्या अविनाश साबळेचं स्टीपलचेसचं (अडथळे ओलांडत धावायची शर्यत) सुवर्ण 0.05 सेकंदाने हुकलं, केनियाचा किबिवोट 8:11.15 आणि अविनाश 8:11.20. तिथे कोणी म्हणालं नाही की वाटून द्या. धावण्यात शंभराव्या भागात बरोबरी झाली तर हजाराव्या भागात बघतात. कुठेतरी रेघ मारावीच लागते. मला सातवी उडी मात्र चालेल, मैदानावरच निकाल लागावा, कागदावर नको.

निवृत्त_पीटी_सर:
सातव्या उडीचं सांगतो. त्याच टोकियोत एचेव्हारियाला शेवटच्या प्रयत्नात रन-अपमध्येच दुखापतीने थांबावं लागलं, उडी पूर्णच झाली नाही. त्याला सातवी उडी मारायला उभं केलं असतं का? सहा वेळा पूर्ण वेगाने पळत येऊन एका पायावर अख्खं अंग झेलायचं, मांडीच्या मागचे स्नायू किती ताणले जातात ते ज्याने मारलंय त्यालाच कळतं. मुलाचा पाय तुटेपर्यंत निकाल ताणायचा का?

ताई, तुमची गोष्ट वाचून वाईट वाटलं. माझ्या हाताखालच्या एका मुलाचंही असंच झालं होतं, आठ दिवस मैदानावर आला नाही. पण त्या दुसऱ्या मुलीने घोटा, दम सगळं सांभाळून सहा वेळा पळून उड्या मारल्या, तिच्या त्या 4.98 ला काहीच किंमत नाही का?

मैदानताई:
किंमत आहे सर. माझ्या 5.21 पेक्षा जास्त नाही, एवढंच.

वाळूरेषा:
सातव्या उडीचा हट्ट मी सोडला, एचेव्हारियाचं उदाहरण वाचून. पण वाटून द्यायला हवं यावर मी ठाम आहे. पॉवेल-लुईसला एका उडीचा खेळ म्हणायचं आणि टाय झाला की सहा उड्यांचा, हे दोन्ही एकदम माझ्या गळी उतरत नाही. लुईसची 8.91 तर पाठीमागून आलेल्या 2.9 च्या जोरदार वाऱ्याची होती, विक्रमाला चालली नसती पण क्रमांकाला धरली, कारण त्या दिवशी त्या पिटमध्ये कोण लांब गेलं एवढंच बघायचं होतं. बर्मिंगहॅमला दोघे सारखे लांब गेले.

आणि नियम ठेवायचाच असेल तर निदान बोर्डावर दाखवा. श्रीशंकर सहाव्या उडीला उभा होता तेव्हा आम्हा बघणाऱ्यांना वाटत होतं याला 8.09 हवेत. 7.99 हा आकडा मोठ्या अक्षरात समोर दिसला असता तर आम्हाला तरी कळलं असतं सोनं किती जवळ आहे.

निवृत्त_पीटी_सर:
हे मात्र एकदम मान्य. आमच्या तालुका स्पर्धेला पिटशेजारी फळा असतो, त्यावर आजवर फक्त प्रत्येकाची सर्वात लांब उडी लिहायचो. यावेळी मदतीला जाणार आहे तेव्हा प्रत्येकाची दुसरी चांगली उडीही खडूने शेजारी लिहायला सांगतो, पोरांना दिसू दे. सुवर्ण वाटून द्यायला माझा विरोध कायम.