पणजोबा नक्की कधी गेले? : घरच्या ग्रुपवरची चर्चा

ताई : तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल मिळाली. पान मोडीत आहे, वाचून घेतलं. पणजोबा २४ फेब्रुवारी १९१९ ला गेले.

मोठे काका : अगं, वंशावळीत माघ १९१८ छापलंय. आणि काशीकडे स्थायिक झालेल्या चुलत आजोबांच्या पत्रात फाल्गुन आहे. तीन कागद, तीन तारखा. खरं कुठलं मानायचं?

ताई : काका, तिन्ही खरे आहेत असं मला वाटतंय. वंशावळ ज्या वहीवरून केली ती वही माझ्याकडे आहे. त्यात "शके १८४० माघ वद्य" एवढंच आहे, तिथीच्या जागी पाण्याचा डाग. छापताना इंग्रजी साल काढायला कुणीतरी शकात सरसकट ७८ मिळवले. पण शक बदलतो पाडव्याला आणि इंग्रजी वर्ष जानेवारीत. माघ त्या दोहोंच्या मध्ये येतो, तिथे ७९ मिळवायचे. १८४० चा माघ म्हणजे १९१९ चा फेब्रुवारी.

दादा : आणि फाल्गुन?

ताई : तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे सारखाच, वद्य पक्षाचं नाव मात्र एका महिन्याने पुढे. आपला माघ वद्य तो त्यांचा फाल्गुन कृष्ण. पंधरवडा तोच!

मोठे काका : शाब्बास गं. चाळीस वर्षं आम्ही त्या पत्राला चुकीचं म्हणत आलो.

दादा : नकलेच्या फोटोत मला २७ तारीख दिसतेय.

ताई : ती नोंद केल्याची. मृत्यूचा रकाना शेजारचा.

आत्या : बाबा सांगायचे, साथीत गेले. मग १९१८ च ना?

ताई : आत्या, इन्फ्लुएंझाचा मोठा तडाखा १९१८ च्या पावसाळ्यानंतरचा, पण १९१९ च्या सुरुवातीलाही लोक दगावत होते. कारणाच्या रकान्यात नुसतं "ताप" आहे. तेव्हा गावोगाव किती आजार त्या एका शब्दात घातले जात. म्हणून वंशावळीत साथ लिहू नये असं माझं मत. बाबांची आठवण म्हणून वेगळी टिपून ठेवू. वयही "४०" लिहिलंय, असा गोल आकडा अंदाजाचाच असतो. तारखेवर मात्र माझा विश्वास आहे, कारण ती तीन दिवसांत लिहिली गेली, वंशावळ पन्नास वर्षांनी.

आत्या : थांब. मग आमच्या धाकट्या आत्याचं काय? तिचा जन्म आषाढ १८४१. वडील गेल्यावर झाली असं आजी सांगायची.

ताई : आषाढ १८४१ म्हणजे जुलै १९१९. वडील जाऊन पाच महिने झाले होते.

आत्या : वंशावळीत तिच्या जन्मसालापुढे प्रश्नचिन्ह आहे. माघ १९१८ धरला तर सतरा महिने होतात ना. ती ते पान कधी उघडायची नाही. मी लहान होते, मला कळायचं नाही का ते.

मोठे काका : मला माहीत होतं. छापताना ते चिन्ह घालू दिलं, तेव्हा मी बोलायला हवं होतं.

ताई : काका, मूळ फाइल तुमच्याकडेच आहे ना?

मोठे काका : आहे. आत्ता उघडतोय. आधी ते प्रश्नचिन्ह काढतो, मग पणजोबांचं साल.