आगमनकाळात मनाची तयारी कशी करता? अनुभव लिहा

घराची साफसफाई, केकची ऑर्डर, मुलांचे कपडे, करंज्या. नाताळची ही तयारी सगळ्यांनाच पाठ आहे. मला विचारायचंय ते दुसऱ्या तयारीबद्दल. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या दिवसांचे, रविवार चार, दर रविवारी एक मेणबत्ती लावायची, पण चार आठवडे पुरे मिळतातच असं नाही. २०२३ साली चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला. सकाळी चौथी मेणबत्ती आणि त्याच रात्री नाताळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. काडी ओढताना लक्षात आलं, की पहिल्या तीन मेणबत्त्या लावताना देवाकडे काय मागितलं होतं, ते मला आठवतच नाहीये. हे मनाला फार लागलं. तुम्ही या दिवसांत नेमकं काय करता? छोटंसं असलं तरी लिहा. जमलं नसेल, तर तेही लिहा.

वसईतल्या एका गावातून

आमच्याकडे येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात हिरवळ हवी म्हणून नाचणी पेरतात. १६ डिसेंबरला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते, त्याच सुमारास आजी नाचणी रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात बांधून ठेवायची आणि मोड दिसले की परातीतल्या मातीवर पसरायची. पाणी ओतायचं नाही, बोटांनी शिंपडायचं, नाहीतर दाणे वाहून एका कडेला गोळा होतात. शिंपडताना ती रोज एका माणसाचं नाव घ्यायची. ज्याच्याशी तिचं वाजलंय, त्याचं. नाताळपर्यंत परात हिरवीगार व्हायची.

आजी गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. शेताच्या बांधावरून माझं आणि चुलत भावाचं चार वर्षं बोलणं नव्हतं. त्याचं नाव घ्यायला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी घेतलं, पण तोंडातून नुसतं नावच निघालं, मन कोरडंच. रोज तेच करत राहिलो. मग गव्हाणीला पेंढा हवा होता. आम्ही भात लावणं सोडलंय, त्याच्या खळ्यात मात्र उडवी उभी होती. २२ तारखेला संध्याकाळी गेलो. "गोठ्याला पेंढा हवा होता," एवढंच म्हणालो. तो काही बोलला नाही. वरचा दवानं काळा पडलेला पेंढा त्यानं बाजूला सारला, कोपरापर्यंत हात आत घालून कोरडा, पिवळाधमक पेंढा ओढून काढला आणि जुडी बांधून हातात दिली. बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. पण वरचा पेंढा सहज देता आला असता, तो त्यानं दिला नाही. बाळ येशूला त्या वर्षी त्याच पेंढ्यावर ठेवलं.

मुंबईहून

अकरा वर्षांनी गेल्या आगमनकाळात कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, गेले. रांगेतून दोनदा बाहेर पडले, तिसऱ्यांदा थांबले. फादरांनी फार काही विचारलं नाही. नंतर बाकावर बसून खूप रडले. याहून जास्त लिहिता येत नाही.

पुण्याहून

मी ख्रिस्ती नाही. शेजारच्या काकूंकडे तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी असते, ती वेगळी का?

(धागा सुरू करणारी) जांभळा रंग प्रायश्चित्ताचा. या दिवसांत फादरांची वस्त्रंही जांभळी असतात. तिसरा रविवार आनंदाचा, निम्मी वाट सरली म्हणून, त्या दिवशी गुलाबी मेणबत्ती. आणखी एक, या चारही रविवारी मिस्सात ग्लोरिया हे देवाच्या स्तुतीचं गीत गात नाहीत. लहानपणी ते माझ्या ध्यानातही यायचं नाही, आता ती रिकामी जागा दर रविवारी जाणवते. नाताळच्या रात्री ग्लोरिया सुरू होते, घंटा वाजू लागतात आणि अंगावर काटा येतो. काकूंना विचारून एकदा याच.

जर्मनीहून, हॅम्बुर्ग

मेणबत्त्यांची ही प्रथा याच शहरातली. १८३९ साली विखेर्न नावाच्या धर्मसेवकानं गरीब मुलांच्या आश्रमात गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या लहान तांबड्या मेणबत्त्या लावल्या. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं सारखी विचारायची म्हणून, असं इथे सांगतात. डिसेंबरात इथे चारलाच अंधार पडतो. मी एकटी राहते. कामावरून आले की फोन दुसऱ्या खोलीत ठेवते, एक मेणबत्ती लावते आणि 'आमच्या स्वर्गातील पित्या' मोठ्यानं म्हणते. दिवसभरात मराठी कानावर पडते ती तेवढीच.

नाशिकहून

आई ऑक्टोबर २०२० मध्ये गेली. अंत्यविधीला मोजकी माणसं. १६ नोव्हेंबरला प्रार्थनास्थळं उघडली आणि आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी वाचन माझ्याकडे आलं. बायबलमधलं यशयाचं पुस्तक, अध्याय ४०: सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा. पहिल्याच ओळीला मास्कच्या आत आवाज बसला. लोक लांब लांब बसलेले, कुणी घाई केली नाही. थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तेव्हापासून या दिवसांत झोपण्याआधी तोच अध्याय वाचतो.

अहिल्यानगरहून

आमची मंडळी प्रॉटेस्टंट. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचे, म्हणजे येशूच्या चरित्राचे, अध्याय २४, म्हणून १ डिसेंबरपासून रोज एक. बाबांना आता अक्षर दिसत नाही, मी वाचते, ते ऐकतात. पहिल्या अध्यायाची ८० वचनं, घसा दुखतो. पण मला खरी अडचण वेगळीच वाटायची. येशूचा जन्म दुसऱ्या अध्यायात, म्हणजे २ तारखेलाच होऊन जातो, आणि २४ तारखेला आम्ही असतो अम्माऊसच्या वाटेवर, पुनरुत्थानानंतर. त्या गावाला निघालेले दोन शिष्य वाटेत भेटलेल्या अनोळखी सोबत्याला, तो येशूच आहे हे न ओळखता, आग्रह करतात, दिवस उतरला आहे, आमच्याकडे राहा. गेल्या वर्षी तो अध्याय संपला, मी पुस्तक मिटायला घेतलं, तर बाबांनी चाचपडत माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणाले, "आता दुसरा पुन्हा वाच. आता कळेल कोण जन्मलंय ते."