तांब्याची शिकारी गोळी: .३०८ साठी वजन किती घ्यावे?

सालिनासकर

नमस्कार. मी कॅलिफोर्नियात सालिनासच्या खोऱ्यात राहतो. माझ्याकडे .३०८ विंचेस्टर काडतुसाची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आहे. तिची नळी २२ इंचांची आहे आणि ट्विस्ट १:१२ आहे, म्हणजे नळीतले आटे बारा इंचांत एक पूर्ण फेरा घेतात. आजवर ती केवळ रेंजवर वापरली. काडतुसे घरीच भरतो आणि त्यांत शिशाच्या गाभ्याची १६५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे छोटे एकक) गोळी असते. रायफलला ती चांगली मानवली आहे, त्यामुळे तिची सवय झाली आहे.

शिकारीचे प्रशिक्षण आणि परवाना आता पूर्ण झाला असून येत्या ऑगस्टमध्ये ए झोन या शिकारीसाठी ठरवलेल्या विभागात हरणासाठी आणि एरवी सान बेनिटोच्या डोंगरांत रानडुकरासाठी जाण्याचा विचार आहे. शिकारीसाठी शिसे वापरता येत नाही हे ठाऊक आहे, आणि पिनॅकल्स राष्ट्रीय उद्यानाच्या आकाशात काँडॉर, म्हणजे इथली दुर्मिळ महाकाय गिधाडे, फिरताना पाहिल्यावर त्या नियमाबद्दल माझ्या मनात काही शंकाही उरलेली नाही. प्रश्न निवडीचा आहे. शिशाची १६५ ग्रेनची गोळी चालते, तर तांब्याचीही १६५ किंवा १६८ ग्रेनचीच घ्यावी, असे दुकानात सांगितले गेले. दुसरीकडे काही जण १३० ग्रेन सुचवतात. एवढी हलकी गोळी हरणासाठी, आणि विशेषतः डुकरासाठी, पुरेशी ठरेल का? माझ्या १:१२ ट्विस्टला कोणती मानवेल? इकडच्या ओकच्या उतारांवर २५० यार्डांपलीकडे नेम धरण्याची वेळ क्वचितच येईल, हे लक्षात घेऊन मार्गदर्शन करावे.

ओकडोंगर

दुकानातला सल्ला तुमच्या रायफलला लागू पडत नाही, आणि त्याचे कारण धातूच्या घनतेत आहे. शिशाची घनता घनसेंटीमीटरला ११.३ ग्रॅम, तर तांब्याची साधारण ९. व्यास तोच ठेवून वजनही तेच हवे असेल, तर तांब्याच्या गोळीला लांब व्हावेच लागते, आणि गोळी हवेत स्थिर राहण्यासाठी किती वेगाने फिरायला हवी हे तिच्या वजनापेक्षा तिच्या लांबीवर अधिक ठरते. १:१२ ट्विस्टमधून तांब्याची १६८ ग्रेनची टोकदार गोळी अगदी काठावर येते. उन्हाळ्यात विरळ हवेत ती ठीक जाईल, पण किनाऱ्यालगतच्या थंड, दाट हवेत तीच गोळी कागदावर तिरकी छिद्रे पाडू शकेल. १५० ग्रेनची बहुधा चालते. १३० ग्रेनची मात्र निर्धास्त चालते. ट्विस्ट १:१० असता तर हा प्रश्न इतका टोचला नसता.

आता १३० पुरेल का, याकडे वळू. शिशाच्या साध्या गोळीचे आवरण खांद्याच्या हाडावर फाटते, गाभा विखुरतो, आणि शेवटी आत शिरणारा तुकडा मूळ वजनाच्या निम्म्याहून थोडा अधिक असतो. तांब्याची गोळी एकसंध असते आणि जवळजवळ सगळे वजन टिकवून पार जाते. म्हणून तुमच्या १६५ ग्रेनच्या गोळीची तुलना १६५ ग्रेनच्या तांब्याशी करणे योग्य नाही. शरीराच्या आत दोन्हींचे काय उरते, ते ताडून पाहावे. तसे पाहिले तर १३० ग्रेन हलकी वाटत नाही.

मात्र तांब्याची एक अट असते आणि ती वेगाची आहे. गोळीच्या टोकात पोकळी असते. मांसातला द्रव त्या पोकळीत दाबाने शिरतो आणि टोक चिरून पाकळ्या मागे वळवतो. वेग कमी पडला तर पाकळ्या उमलत नाहीत आणि गोळी सुईसारखे छिद्र पाडून निघून जाते. बार्न्स कंपनीच्या टीटीएसएक्ससारख्या तांब्याच्या गोळ्यांसाठी आघाताच्या वेळी किमान १८०० फूट प्रति सेकंद वेग असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मी स्वतः २००० च्या खाली नेम धरत नाही, आणि ही जास्तीची खबरदारी हरणाच्या वाट्याला आलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तुमच्या २२ इंची नळीचा हिशोब मांडून पाहा. १३० ग्रेनची टीटीएसएक्स सुमारे २९५० फूट वेगाने निघेल. तिचा बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे हवेत वेग टिकवण्याच्या क्षमतेचे माप, .३५० आहे. १५० ग्रेनची २७५० च्या आसपास निघेल, तिचा .४२० आहे. हलकी गोळी जोरात निघते पण हवेत लवकर मंदावते, तर जड गोळी उलट वागते. परिणामी ३०० यार्डांवर दोन्हींचा वेग जवळपास सारखा, २२०० च्या आसपास, येतो. तुमच्या २५० यार्डांत दोन्ही सुखरूप बसतात. १६५ ग्रेनची २६०० च्या पुढे रेटणे .३०८ ला जड जाते, आणि ३०० यार्डांवर ती २००० च्या सीमेजवळ येते. म्हणजे दुकानाच्या सल्ल्याने तुम्ही स्थिरताही गमावाल आणि वेगही.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. फक्त फुप्फुसांतून गेलेली तांब्याची गोळी शिशाइतकी मोडतोड करत नाही, त्यामुळे हरीण काही अंतर धावू शकते. मी खांद्याच्या हाडातून जाणारा नेम पसंत करतो. तांबे हाडाला घाबरत नाही आणि त्या जागेचे मांसही शिशाच्या भुग्याने वाया जात नाही. एका डुकराच्या दूरच्या बाजूला, कातडीखाली अडकलेली गोळी मी हाताने चाचपून काढली होती. निळे प्लास्टिकचे टोक नाहीसे झालेले होते, चार पाकळ्या मागे वळून बुंध्याला टेकलेल्या होत्या आणि बुंध्यावरच्या खाचांत नळीच्या आट्यांचे व्रण स्वच्छ दिसत होते. पुढचा खांदा आणि बरगडी तोडून ती तिथवर पोचली होती.

जटलंडचा पाहुणा

ओकडोंगर यांच्या लिखाणाला डेन्मार्कहून थोडी जोड देतो. इकडे १९९६ पासून छऱ्यांत शिशाला बंदी होती. १ एप्रिल २०२४ पासून शिकारी रायफलच्या गोळ्यांतही शिसे बंद झाले, त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच हा बदल करावा लागला. माझी रायफल ६.५x५५ आहे. या जुन्या स्वीडिश काडतुसाच्या रायफलींना पहिल्यापासून जलद, साधारण १:८ ट्विस्ट असतो, म्हणून लांब तांब्याच्या गोळ्यांना ती विनातक्रार सामावून घेते. तुमचा ट्विस्ट संथ असल्यामुळे तुम्हाला वजन उतरवावे लागेल, एवढाच फरक.

काडतूस भरताना तीन बाबी सांभाळा. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: शिशाच्या १५० ग्रेनच्या गोळीसाठी छापलेले बंदुकीच्या दारूचे प्रमाण तांब्याच्या १५० ग्रेनला कधीही लावू नये. लांब गोळी काडतुसाच्या पितळी नळकांडीत खोल शिरते, दारूची जागा खाते, आणि तांबे आट्यांत शिसेवाल्या गोळीसारखे दबत नाही, त्यामुळे दाबाचा आलेख वेगळा चढतो. ज्या कंपनीची जी गोळी, तिच्याच नावाने छापलेल्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापापासून आरंभ करावा आणि टप्प्याटप्प्याने वर जावे. बोल्ट उचलायला जड लागला किंवा प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली) चपटा दिसू लागला, की तिथेच थांबावे.

दुसरी बाब म्हणजे आट्यांपासूनचे अंतर. शिशाच्या गोळीत अनेकांना ती आट्यांना जवळजवळ टेकवून ठेवायची सवय असते. तांब्याच्या गोळीला मोकळी उडी आवडते. बार्न्सची शिफारस ०.०५० इंचापासून सुरुवात करण्याची आहे आणि माझा अनुभव तिच्याशी जुळतो. .३०८ काडतुसाची कमाल ठरलेली लांबी २.८१० इंच आहे आणि मॅगझिनही साधारण तेवढेच असते, त्यामुळे तुम्हाला ही उडी बहुधा आपोआपच मिळेल.

तिसरी बाब नळीची. तांब्याने नळी भरून जाते, असे अनेक जुने शिकारी सांगतात. १९८९ मध्ये आलेल्या गुळगुळीत बार्न्स एक्स गोळीबाबत ते खरे होते, पण २००३ च्या टीएसएक्सपासून बुंध्याला खाचा आल्या आणि ती अडचण बरीच आटोक्यात आली. तरीही शिशाची गोळी सोडून तांब्याकडे वळताना एकदा नळी तांबे विरघळवणाऱ्या द्रवाने धुवावी, जोवर चिंधीवर निळा डाग उमटायचा थांबत नाही तोवर. एकाच नळीत दोन वेगळ्या धातूंचे थर चढले, की नेम कुठे जाईल याचा अंदाज बांधणे अवघड होते.

म्हसळ्याचा निरीक्षक

मी शिकारी नाही आणि भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, पण रायगडमधल्या चिरगावच्या गिधाडांसाठी काम करणाऱ्या मंडळींबरोबर काही काळ घालवल्यामुळे हा धागा मनापासून वाचला. आपल्याकडे गिधाडे गेली ती गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे. मेलेल्या गुराच्या मांसातून ते औषध गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करी. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. काँडॉरच्या बाबतीत मांसाची जागा हरणाच्या रानात टाकून दिलेल्या आतड्यांनी घेतली आहे, असे मी समजतो. हे बरोबर आहे का? आणि तांब्याचे तुकडे पोटात गेले तर तेही विषारी ठरत नाहीत का?

ओकडोंगर

आपण अगदी बरोबर समजलात. १९८२ मध्ये जगात फक्त २२ काँडॉर उरले होते. १९८७ मध्ये शेवटचा मुक्त पक्षीही पकडून पिंजऱ्यात आणला गेला आणि १९९२ पासून त्यांना पुन्हा रानात सोडायला सुरुवात झाली. रानातल्या काँडॉरच्या मृत्यूंत शिशाची विषबाधा आजही सर्वांत मोठे कारण आहे. शिशाची गोळी शरीरात अत्यंत बारीक कणांत विखुरते, जखमेपासून हातभर दूरपर्यंत, आणि ते कण डोळ्यांना दिसतही नाहीत. आतड्यांच्या ढिगावर कळपाने उतरणाऱ्या पक्ष्याला एक कणही पुरतो, कारण त्याच्या जठरातील तीव्र आम्ल शिसे विरघळवते. तांब्याच्या गोळीचे असे कण जवळजवळ बनतच नाहीत, हाच मुख्य फरक आहे. एखादी पाकळी तुटली तरी ती मोठा तुकडा म्हणून राहते, आणि तांब्याची थोडी मात्रा शरीर हाताळू शकते, कारण ते शरीराला लागणारे खनिज आहे. शिशाचा शरीराला काहीच उपयोग नसतो.

हेच मांस आपणही घरी आणतो आणि मुलांना वाढतो. म्हणून मी हे नियम नसतानाही पाळले असते.

सालिनासकर

सर्वांचे मनापासून आभार. १३० आणि १५० या दोन्हींची एकेक पेटी घेऊन दोन्ही रेंजवर ताडून पाहीन आणि १६८ चा विचार सोडून देतो. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर कूर्चेची जाड ढाल असते, असे ऐकले आहे. तिथे १३० बाबत थोडी धाकधूक आहे. शिवाय ऑगस्टमध्ये गाडीत आणि उन्हात काडतुसे तापतात, त्याचा परिणाम किती होतो?

ओकडोंगर

ढाल खरी असते, आणि तांब्याची १३० तिच्यातून जाते. तरीही तुमच्या रायफलने १५० चे छिद्रगट तितकेच घट्ट दिले, तर डुकरासाठी मी १५० निवडेन. काठावरची स्थिरता केवळ १०० यार्डांवर तपासू नका, कागद २०० यार्डांवर लावा आणि छिद्रे गोल पडतात की लांबट, ते जवळ जाऊन पाहा. लांबट दिसली तर प्रश्न मिटला, १३० घ्या.

उष्णतेबद्दल म्हणाल तर दारू निवडताना तापमानाला कमी दाद देणारी निवडा, उदाहरणार्थ हॉजडनची व्हार्गेट, आणि मापाची वरची सीमा वसंतातल्या थंड सकाळी ठरवू नका. तीच काडतुसे ऑगस्टच्या दुपारी अधिक दाब देतील. काडतुसे गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नयेत, सावलीतल्या पेटीत ठेवावीत.

आणि शिकारीला निघताना जुनी १६५ ग्रेनची काडतुसे घरी ठेवून जा. २०१३ मध्ये मंजूर झालेला आणि १ जुलै २०१९ पासून पूर्ण लागू असलेला इथला नियम फक्त झाडलेल्या गोळीपुरता नाही. शिकार करताना शिशाची गोळी आणि ती झाडू शकणारी रायफल दोन्ही जवळ असणेही त्यात बसत नाही. वजनाने एक टक्क्याहून अधिक शिसे असलेली गोळी चालत नाही, आणि राज्याच्या वन्यजीव खात्याने मान्य केलेल्या शिसेविरहित गोळ्यांची यादी प्रसिद्ध केलेली आहे. घरी भरलेल्या काडतुसावर कारखान्याची छापील पेटी नसते, म्हणून मी ज्या डब्यातून गोळ्या घेतो त्या डब्याचे लेबल कापून काडतुसांच्या पेटीत ठेवतो. अधिकाऱ्याने विचारले तर त्याला दाखवण्यासारखे काहीतरी हाताशी असते.

जटलंडचा पाहुणा

२०० यार्डांवरचे कागद पाहिलेत की इथे कळवा. १:१२ ट्विस्टमध्ये १५० कशी वागली, हे वाचायला माझ्याइतकेच इतरांनाही आवडेल.