मदत हवी आहे: ऑफ-ॲक्सिस पॅराबोलाचा स्पॉट गोल होईना

तिरपा_किरण: हीलियम-निऑन लेझर, ९० अंशांचा दोन इंची पॅराबोला (मोठ्या पॅराबोलाच्या बाजूचा तुकडा, बीम काटकोनात वळवून फोकस करणारा आरसा). फोकस ५०.८ मिमी लिहिलाय, स्पॉट मिळतोय दुप्पट अंतरावर, तोही लांबुळका. आरसाच सदोष आहे का? उद्या रीडिंग घ्यायचंय, लवकर सांगा.

काचघाशा: ५०.८ ही मूळ पॅराबोलाची फोकल लेंग्थ. ९० अंशांच्या तुकड्यात आरशाच्या मध्यापासून फोकस १०१.६ वरच येणार. बीम केवढा? कॉलिमेटेड, म्हणजे समांतर किरणांचा, आहे? फोकसच्या अलीकडे-पलीकडे काय दिसतं? नुसतं ‘लांबुळका’ म्हटल्यावर आम्ही काय समजायचं?

तिरपा_किरण: बीम ४० मिमी, समांतर आहे, शिअर प्लेटवर (त्याच तपासणीची काच) पाहिलंय. अलीकडे एक रेघ, पलीकडे तीच काटकोनात. दोन्ही ४५ अंशांत तिरक्या. बीम टेबलाला समांतर वळतो.

वक्रतुंड: ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे दोन दिशांचे फोकस वेगवेगळ्या अंतरावर. आरसा माउंटमध्ये गोल फिरवा, बसेल.

काचघाशा: नाही बसणार. या आरशांचं बूड बहुतेक वेळा मूळ पॅराबोलाच्या अक्षाला लंब असतं. गोल फिरवून बीम आणि अक्ष यांच्यातला कोन बदलतच नाही, नुसता फोकस वर्तुळात फिरतो. रेघा उभ्या-आडव्या असत्या तर चूक माउंटच्या आडव्या नॉबची (आरसा डावी-उजवीकडे कलवणारा). तिरक्या आहेत, म्हणजे उभ्या नॉबची (वर-खाली कलवणारा).

पॅराबोला काढा, त्याच टेकणीवर सपाट आरसा बसवा. बीम आयरिसने (लहान-मोठं करता येणारं भोक) बारीक करा आणि परतलेला ठिपका एक मीटरवरच्या आयरिसमध्येच घाला. १ मिमी हुकला तर कोन ०.५ मिलिरेडियनने चुकलाय. मग नॉबला हात न लावता पॅराबोला परत.

वक्रतुंड: एवढा खटाटोप? नॉबनेच जमतं की.

काचघाशा: जमतं, पण स्पॉट सरकेल तसा कॅमेराही सरकवावा लागतो. कॅमेरा जागीच ठेवून नॉबने स्पॉट परत मध्यावर आणला, की दुरुस्ती पुसली गेली.

तिरपा_किरण: अरे देवा. दोन दिवस हेच करतोय.

निळी_झाक: सोन्याचा उघडा थर असेल तर पुसू नका, फक्त कोरडी हवा मारा.

तिरपा_किरण: पुसायचं कुणी विचारलं?

दूरदर्शी: टीएमटी या नियोजित तीस मीटर दुर्बिणीच्या मुख्य आरशात असे ४९२ तुकडे असणार आहेत. काच ताणून वाकवतात, गोलीय घासतात, ताण सोडला की हवा तो आकार येतो.

काचघाशा: छान, पण त्यांना उद्या रीडिंग घ्यायचंय.

तिरपा_किरण: सपाट आरशाने झालं, रेघा गेल्या! पण स्पॉट आता किंचित तिकोनी आहे.

निळी_झाक: तीन स्क्रूंची रिंग आहे ना? आवळून ॲल्युमिनियम वाकलंय. तिन्ही सैल करा, बोटाने लागतील तेवढेच पुन्हा लावा.