स्त्री अभ्यासात एम.ए. : कोकणातल्या मुलींनी हा विषय घ्यावा का?

दापोलीकर :
माझी पुतणी यंदा बी.ए. झाली असून तिला स्त्री अभ्यास या विषयात एम.ए. करायचे आहे. घरातली वडीलधारी मंडळी "त्यापेक्षा बी.एड. कर" म्हणतात. तिने हाच विषय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याच तालुक्यातल्या मुरुडात लहानाचे मोठे झालेल्या महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले आणि त्याच एसएनडीटी विद्यापीठात १९७४ मध्ये नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री अभ्यासाचे संशोधन केंद्र उभे राहिले. कोकणाला तर या विषयाची गरज अधिकच आहे. पुरुष चाकरमानी म्हणून मुंबईला गेला, तेव्हा लावणी-कापणी, गुरेढोरे आणि काजू-आंब्याची राखण गावातल्या बाईनेच केली. सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव क्वचितच लागले. वडील वारल्यावर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, आणि हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळालेला असूनही, माहेर तुटेल या धास्तीने त्या सही करतात. हे असे का घडते, याचा शोध कोणीतरी शिस्तीने घ्यायला हवा.

राजापूरकर :
विषयाच्या मोलाबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो मुलीच्या पोटापाण्याचा. मुंबई-पुण्यात वसतिगृहाचा खर्च सोसून दोन वर्षे शिकायचे आणि पुढे प्राध्यापकाच्या मोजक्या जागांची वाट पाहायची, हे मध्यम परिस्थितीतल्या घराला परवडत नाही. अनेक विद्यापीठांतली स्त्री अभ्यास केंद्रे अनुदान आयोगाच्या योजनेवर चालत आली आणि २०१७ मध्ये बारावी पंचवार्षिक योजना संपली, तेव्हा तिथल्या कंत्राटी अध्यापकांवर टांगती तलवार आली. मुलीला बायकांसाठीच काम करायचे असेल, तर तिने कायद्याची पदवी घ्यावी. सनद असलेली मुलगी दुय्यम निबंधकाच्या दारात बहिणीच्या बाजूने उभी राहू शकते.

हर्णैची लेक :
राजापूरकर काका, मी हे एम.ए. केले आहे, म्हणून लिहिते. हर्णै बंदरावर लिलावात मासळी घेणारी, ती कापून, मीठ लावून सुकवणारी आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी माझी आई मी रोज पाहत होते. पण मच्छीमार कोण, असे विचारले तर मी बिनदिक्कत वडिलांचे नाव सांगत असे, कारण होडी त्यांची होती. क्षेत्रकार्यात आम्हाला एका घरातल्या प्रत्येकाचा दिवस पहाटेपासून तासातासाने लिहून काढायला लावले. माझ्या घराचा तो तक्ता भरताना आईच्या रकान्यात रिकामा तास सापडेना. मग माझे प्रश्न बदलले : मदत होडीला मिळते, तर सुकवणीच्या ओट्याला का नाही? मच्छीमार सोसायटीचे सभासदत्व कोणाच्या नावावर आहे?

नोकरीचे म्हणाल, तर या विषयात प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा देता येते. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे आणि तिच्यावर बाहेरचा जाणकार सदस्य लागतो. अशा समित्यांच्या प्रशिक्षणाचे काम मी एका संस्थेतून करते. पगार कायम शिक्षिकेपेक्षा कमी आहे, हे मान्य.

राजापूरकर :
आपला अनुभव मोलाचा आहे, परंतु सर्वांनाच अशी संस्था मिळेल याची हमी कोण देणार? कायदा आधी आणि हा अभ्यास नंतर, या मतावर मी ठाम आहे.

हर्णैची लेक :
हमी मीही देऊ शकत नाही, आणि पुढे वकिली करावी याला माझी हरकत नाही. मात्र सही करणाऱ्या बहिणीला बहुधा आपला हक्क ठाऊक असतो. गणपतीला भावाच्या घरी बोलावणे येईल की नाही, ही तिची चिंता असते, आणि ती चिंता समजून न घेता तिच्याशी कायदा बोलणाऱ्या वकिलाला ती दारातूनच परत पाठवते.