हुबेहूब बाहुली आणि इतरांची जबाबदारी

चर्चाप्रस्ताव

व्हायनल या प्लास्टिकवर रंगाचे पातळ थर एकेक करून ओव्हनमध्ये पक्के केलेली, कातडीखालच्या निळसर शिराही दाखवणारी, डोक्यात मोहेरचा (अंगोरा शेळीच्या लोकरीचा) एकेक केस सुईने रोवलेली ‘रीबॉर्न’ बाहुली चार पावलांवरून तान्हे मूलच वाटते. ब्राझीलमध्ये २०२५ साली या बाहुल्यांवरून मोठा गदारोळ झाला. त्या घडवणाऱ्यांच्या सन्मानार्थ ४ सप्टेंबर हा दिवस पाळण्याचा ठराव रिओ दि जानेरोच्या नगरसभेने मंजूर केला आणि महापौर एदुआर्दो पाएस यांनी तो नकाराधिकाराने फेटाळला; तिकडे बाहुली कडेवर घेऊन रांगेत अग्रक्रम मागणाऱ्यांना दंड करण्याची विधेयके संसदेत आली. माझ्या मते घरात बाहुलीला अंगाई गाण्यात गैर काही नाही. इतरांनीही तिला मूल मानावे असा आग्रह धरला, की तिथे नैतिक प्रश्न उभा राहतो.

प्रतिसाद १

असहमत. २०१६ साली अमेरिकेतील कीन शहरात पोलिसांनी गाडीची काच फोडून ‘बाळ’ बाहेर काढले, ती बाहुली निघाली. मालकिणीने तर कोणाला काही मानायला लावले नव्हते. शिवाय माझी मुख्य हरकत विक्रीला आहे. गेलेल्या मुलाच्या छायाचित्रावरूनही अशी बाहुली करून मिळते. नुकताच पाळणा माळ्यावर टाकलेल्या आईकडून पैसे घेताना तिच्या मनाची अवस्था कोण पाहतो?

प्रतिसाद २

एवढे कठोर होऊ नये. माझ्या आत्याला स्मृतिभ्रंश आहे. पूर्वी दिवेलागणीला ती दाराची कडी ओढत बसे. आता बाहुली मांडीवर घेते, तिच्या पायांवर पदर ओढते आणि शांत होते. आम्ही ‘हे तुझे बाळ’ असे कधीच म्हणत नाही. तिने विचारले तर ‘झोपलंय वाटतं’ एवढेच म्हणतो. ही फसवणूक असेल, तर ती मला मान्य आहे.

प्रतिसाद १

आत्याबाईंबद्दल आदर राखूनच विचारतो: मग साधी बाहुली का चालू नये? हुबेहूबपणा नेमका कोणासाठी?

प्रतिसाद २

आपला प्रश्न बोचला, कारण आत्याच्या मांडीवर असते ती जत्रेतली, रंग उडालेल्या गालांची बाहुलीच. खऱ्यासारखी महागडी बाहुली भावाने आधी आणली होती. तिचे मिटलेले डोळे पाहून ‘हे हलत का नाही?’ म्हणत आत्या रात्रभर रडली. ती बाहुली आता खोक्यात पडून आहे. विकायची म्हटले, तर आपला विक्रीबद्दलचा प्रश्न आमच्याच दारात येतो.