मदत हवी आहे: उम्म कुलथूम यांचं गाणं कुठून आणि कसं ऐकायला घ्यावं?

किनारा

नमस्कार मंडळी. मी शारजाला राहते. ऑफिसात इजिप्तमधल्या मन्सूराचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. त्यांच्या गाडीत येता-जाता तिथल्या थोर गायिका उम्म कुलथूम यांच्याशिवाय दुसरं काही लागत नाही. आता तो आवाज माझ्याही मनात इतका बसलाय की घरी आल्यावर मी तोच लावते. खालच्या पट्टीतला, भरीव आवाज आणि अक्षर न् अक्षर स्वच्छ. माझी अरबी बाजारहाटापुरतीच, तरी एक शब्द कुठे संपला नि पुढचा कुठे सुरू झाला ते ऐकू येतं.

पण मी एका जागी अडकले आहे. एकेक गाणं तासाचं. ‘इन्त उम्री’ लावलं तर बाईंच्या आधी कितीतरी वेळ नुसती वाद्यंच वाजतात. मग त्या एक ओळ घेतात, लोक ओरडतात, पुन्हा तीच ओळ, पुन्हा ओरडा, पुन्हा ओळ. दर वेळी काहीतरी वेगळं होतंय हे जाणवतं, पण लक्ष कशावर ठेवायचं ते उमगत नाही. मी किशोरीताई आणि कुमारजी ऐकत वाढले. ख्यालात बढत कुठे निघाली आहे ते कळतं, समेची वाट बघता येते. इथे तसं धरायला काही सापडत नाही.

दुसरं म्हणजे, काही जागी गंधार किंवा निषाद ना शुद्ध असतो ना कोमल. अख्खा वाद्यवृंद त्याच स्वरावर असतो, म्हणजे तो तसाच हवा आहे हे उघड आहे. तरी माझ्या कानाला तो टोचतो. सवयीनं जाईल, की काही समजून घ्यायला हवं?

आणि एकाच गाण्याची अनेक ध्वनिमुद्रणं मिळतात, प्रत्येकाची लांबी वेगळी. त्यातलं कोणतं धरावं?

सहकाऱ्यांना विचारलं की ते हसून “ऐकत राहा” म्हणतात. बरोबरच असेल, पण मला थोडा आधार हवाय. इथे कोणी हे गाणं मनापासून ऐकत असेल तर कृपया सांगा. चरित्र नेटवर मिळतं, मला ऐकण्याबद्दल हवं आहे.

तंबोरा

फार बरं वाटलं धागा बघून. लांबण लागेल, पण सांगतोच.

आधी तासाचं बघू. कैरोचा सरकारी रेडिओ 1934 साली सुरू झाला आणि पुढे अनेक वर्षं हंगामात दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बाईंचा कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचा. रात्रभरात गाणी तीन, उत्तरायुष्यात तर दोनच. तुम्ही ऐकताय ती बहुतेक मुद्रणं अशा रात्रींची आहेत. बांधलेली चाल सरळ गायली तर ती बरीच लवकर संपेल. बाकीचा वेळ त्या सभागृहात, त्या लोकांसमोर वाढलेला आहे. म्हणून ते ओरडणं गाण्याबाहेरचं समजू नका. संगीत नाटकातला वन्समोअर तुम्हाला माहीत असेल, पण तिथे पद पुन्हा होतं. इथे ओळ पुन्हा येते ती बदलूनच, आणि ती किती वेळा येणार हे गाणारी आणि ऐकणारे मिळून ठरवतात. या तल्लीनतेला अरबीत ‘तरब’ म्हणतात, आणि तिथल्या जाणत्या रसिकांना ‘सम्मीअ’.

आता कशावर लक्ष ठेवायचं. एकच ओळ निवडा. तिचा अर्थ शब्दाशब्दानं आधी कळून घ्या, मगच ऐका. पहिल्यांदा ती ओळ साधारण चालीप्रमाणे येते. दुसऱ्यांदा बहुधा वजन दुसऱ्याच शब्दावर पडतं. मग एखादा शब्द लांबतो, त्याच्यात हरकती येतात, कधी स्वरांचा रंगच बदलून दुसऱ्या मकामाची (मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखी स्वरांची चौकट) सावली पडते. हे सगळं करून बाई मुक्कामाच्या स्वरावर उतरतात, त्या उतरण्याला ‘कफला’ म्हणतात, आणि सभागृह तिथेच फुटतं. तुम्ही जी सम शोधताय तिच्या जागी ही कफला धरा. ती तालाच्या मात्रेवर बांधलेली नाही, स्वरवाक्याच्या शेवटाला आहे, म्हणून ठेका मोजत बसलात तर ती निसटेल. मी स्वतः असं शिकलो: लोक जोरात ओरडले की अर्धा मिनिट मागे जायचं आणि त्यांनी काय ऐकलं ते शोधायचं. माझ्या मते याहून चांगला गुरू नाही.

तुमच्या गंधाराबद्दल. ‘रास्त’ मकामात गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध यांच्या मधे असतो, निषादही तसाच. ‘बयाती’त ती जागा ऋषभाची. हे मधले स्वर तिथल्या कानाला घरचे आहेत. म्हणून ऐकायचा क्रम महत्त्वाचा. ‘इन्त उम्री’ मुळात ‘कुर्द’ मकामातलं, म्हणजे त्याची बैठक आपल्या भैरवीच्या स्वरांची, त्यामुळे सुरुवात तिथून केलीत हे उत्तम. ‘हिजाज’ लागला की भैरवाच्या पूर्वांगाची आठवण होईल. पण राग ओळखायच्या मागे लागू नका. इथे तानपुऱ्यासारखा अखंड षड्ज नाही आणि एकाच गाण्यात मकाम बदलत जाऊन शेवटी घरी परततात. आपण एका रागात खोल उतरतो, त्यांचं कसब एका मकामातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटेत आहे.

त्या लांबलचक प्रस्तावनेतही रस आहे. ‘इन्त उम्री’ 1964 चं, मुहम्मद अब्दुल वहाब यांनी बाईंसाठी केलेली पहिली चाल. दोघंही तोवर अरबी संगीतातली सर्वांत मोठी नावं होती आणि तरी एकत्र कधी आली नव्हती. त्यात विद्युत गिटार आहे. ती ‘कानून’ या अरबी तंतुवाद्याच्या शेजारी कशी बसवलीय ते मुद्दाम ऐका.

वाळवंटातली सर

वरचा प्रतिसाद उत्कृष्ट, पण सुरुवातीबद्दल माझं मत वेगळं आहे. तासाच्या गाण्यापासून सुरू करू नका. बाईंनी 1936 ते 1947 या काळात चित्रपटही केले आणि त्यांतली गाणी छोटी आहेत. ‘सल्लामा’मधलं ‘गन्नीली श्वय्या श्वय्या’ घ्या. शब्द बैरम अत-तूनिसी यांचे, चाल झकरिया अहमद यांची. मुखडा लगेच मनात बसतो आणि आवाज ऐन बहरात आहे. अशी चार-दोन गाणी पाठ झाली की मोठ्या गाण्यात बाई काय वाढवतात ते दिसायला लागतं.

स्वच्छ अक्षराबद्दल तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. ते कुराणपठणातून आलंय. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं तमाय अझ-झहायरा हे त्यांचं गाव, तुमच्या सहकाऱ्यांच्या मन्सूराच्याच मुलखातलं. वडील मशिदीत इमाम. लग्नाकार्यात धार्मिक गाणी गायला ते हिला मुलाचे कपडे घालून न्यायचे. उच्चारांची ती शिस्त पुढे प्रेमगीतांतही टिकली. हे चरित्र म्हणून नाही, ऐकण्यासाठीच सांगतेय: शब्दाचा शेवट त्या कशा सोडतात तिकडे कान द्या.

किनारा

दोघांचे मनापासून आभार. अर्धा मिनिट मागे जाऊन पाहिलं आणि खरंच, लोक ओरडायच्या आधी एका शब्दावर केवढं काम झालेलं होतं! ‘गन्नीली’ घरात सगळ्यांनाच आवडलं.

आता सहकारी म्हणतात ‘अल-अत्लाल’ ऐकल्याशिवाय बाई कळणार नाहीत. लावलं, पण तिथे तो मधला स्वर फारच पुढे येतो. शिवाय भाषा त्यांच्या बोलण्यापेक्षा वेगळी वाटते. थांबू का?

तंबोरा

अजिबात थांबू नका, फक्त हळू घ्या. ‘अल-अत्लाल’ ‘सीकाह’ मकामाच्या कुळातलं आहे. तिथे मुक्कामाचा स्वरच त्या मधल्या स्वरांपैकी, त्यामुळे लपायला जागा नाही. आधी रास्तमधली एक-दोन गाणी पचवा, मग हे टोचणार नाही. चाल रियाद अस-सुंबाती यांची. माझ्या लेखी बाईंचं सर्वोच्च काम सुंबातींबरोबरचं आहे. तिथे चाल कवितेच्या पुढे कधी धावत नाही.

भाषा वेगळी वाटली ते बरोबर. ही ग्रांथिक अरबीतली कविता आहे, कवी इब्राहीम नाजी, पेशानं डॉक्टर. ‘इन्त उम्री’ कैरोच्या बोलीतलं आहे. ‘अल-अत्लाल’ म्हणजे उजाड झालेल्या वस्तीचे अवशेष. मध्यात एक ओळ येते: माझं स्वातंत्र्य मला दे, माझे हात मोकळे कर. तुमची एक ओळ हीच निवडा. गाणं 1966 चं, आणि पुढच्याच वर्षी इजिप्त युद्धात हरला. प्रियकराला म्हटलेली ती ओळ मग लोक देशासाठी म्हणून ऐकू लागले. नोव्हेंबर 1967 मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात बाई हे गायल्या आणि त्या काळातल्या दौऱ्यांचे पैसे त्यांनी देशाला दिले.

ध्वनिमुद्रणाबद्दल: स्टुडिओतलं एकदा चाल समजण्यापुरतं ऐका. मग त्याच गाण्याच्या दोन वेगळ्या रात्री शेजारी-शेजारी लावा, पूर्ण नको, फक्त ती एक ओळ. खरखर असली तरी टाळ्या आणि आरडाओरडा न कापलेली प्रत घ्या. लांबी वेगळी का, याचं उत्तर तुम्हालाच मिळेल.

वाळवंटातली सर

आणि सहकाऱ्यांबरोबर एकदा बसून ऐका. त्या 1971 साली अबू धाबीत येऊन गायल्या होत्या, त्यामुळे तुमच्या आसपासच्या वयस्कर अरबांकडेही आठवणी असतील, विचारा. ‘अल-अत्लाल’मधल्या त्या ओळीच्या आगेमागची कडवी मी देवनागरीत टंकून अर्थासह इथे टाकते. दोन-तीन उच्चार एकाला विचारून घ्यायचे आहेत, म्हणून शनिवारपर्यंत थांबा.

किनारा

नक्की टाका, वाट बघते. तोवर रास्तमधलं कुठलं गाणं घेऊ तेवढं सांगता का?